खाली अजून काही असेल

सकाळी लेकीचा मेसेज आला. महिनाभर आमच्याकडे राहून ती कॅनडाला परत पोचली होती. ‘रीच्ड. टायर्ड. विल कॉल.’ मेसेज तेवढाच होता, तरी आमची ही मोबाइलवर बोट वर सरकवत राहिली, खाली अजून काही असेल म्हणून.

“अगं, इंग्रजीत असंच लिहितात,” मी म्हणालो. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं मी. जे समजतंच ते वाक्यातून गाळलं तरी चालतं, हे फळ्यावर किती हौसेनं लिहायचो! कोण पोचलं, कोण दमलं, कोण कुणाला फोन करणार, सगळं समजतं की.

“समजतं हो,” ही म्हणाली. “पण तिनं म्हणायला नको का?”

समजतं म्हणून माणसं एकेक शब्द सोडत जातात. मग कधीतरी त्या शब्दांमागोमाग माणूसही निघून गेलेलं असतं, आणि व्याकरण मात्र शाबूत असतं.

परवा निघताना हिनं लेकीच्या तळहातावर दही घातलं. आमच्याकडे निघणाऱ्यानं ‘जाते’ म्हणायचं नसतं. लहानपणी शाळेला निघताना ती चुकून तसं म्हणाली, की ही स्वयंपाकघरातून ओरडायची, “जाते नाही, येते म्हण!”

परवा गाडीत बसताना लेक म्हणाली, “चला, जाते.”

मी हिच्याकडे पाहिलं. हिनं ऐकलं होतं. पण या वेळी ही काही बोलली नाही.