रानातली माती घराखाली

आठवीच्या वर्गाला मी बावीस वर्षं जमिनीची धूप शिकवली. फळ्यावर उतार काढायचा, त्यावरून धावणारं पाणी काढायचं, आणि काळ्या मातीचे गुणधर्म मुलांकडून घोकून घ्यायचे: पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कुणी चुकलं की मी त्याला बाकावर उभं करायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कुठं उभं करायचं हे तुम्हाला ठरवता येईल.

लातूरला आम्ही घर बांधलं तेव्हा मागच्या भिंतीपासून नाल्याच्या काठापर्यंत नऊ पावलं जागा होती. दरवर्षी पावसाळा संपला की मी ती मोजायचो. आठ झाली, सात झाली. मी घरात सांगायचो की माझी टांग लांब पडत असेल. मग एका वर्षी चार भरली, आणि नाल्याच्या बाजूला एका बाभळीची मुळं उघडी होऊन हवेत लोंबायला लागली. काठाला लागूनच माझ्या मायची खोली. तिच्या खिडकीतून पूर्वी काठावरचं गवत दिसायचं, आता थेट नाल्यातलं काळं पाणी दिसायला लागलं.

ओळखीचे एक मिस्त्री होते. जुन्या गावातले, तीन पिढ्यांचं बांधकामाचं काम. त्यांनी काठावर उकिडवं बसून बराच वेळ खाली बघितलं आणि मुरूम भरून, थराथरानं ठोकून, पुढं दगड लावायला सांगितले. मी मान डोलावली. आणि संध्याकाळी निलंग्याकडे, गावी दादाला फोन लावला. दादा रान बघतो. म्हणाला, मुरूम कशाला विकत आणतो, आपल्या रानातली माती पाठवतो की, तिच्यासारखी माती हाय का कुठं.

हे ऐकून माझी छाती फुगली. शेतकऱ्याच्या पोराला आपल्या मातीची तारीफ पुरते. मग भूगोलाचं पुस्तक कपाटात जातं. ट्रॉल्या आल्या. काळीभोर, लोण्यासारखी माती. माय बाहेर आली, मूठभर उचलून वास घेतला, आणि कितीतरी दिवसांनी हसली. त्या हसण्यापुढं मिस्त्री काय बोलणार? तरी ते बोलले.

"सर, ही ज्वारीची माती हाय. घराखाली घालू नका. ही श्वास घेती."

मी हसलो, आणि तीच माती काठावर भरून घेतली. वर नाल्याकडची आधाराची भिंत बांधताना त्यांनी पाणी निघायला पाइप ठेवू का विचारलं, तर मी म्हटलं, भोकं ठेवून उंदरांना निमंत्रण कशाला देता, चांगलं प्लास्टर करा. मिस्त्रींनी प्लास्टर केलं. फार सुरेख केलं. त्या मातीत मायनं मेथी लावली आणि मी शेजाऱ्यांना मेथी वाटत फिरलो.

उन्हाळ्यात त्या मेथीच्या वाफ्यात भेग पडली. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला, आणि आतली हवा गार होती. का कुणास ठाऊक, हात मी घाईनं बाहेर काढला. आता शहाण्या माणसानं काय करावं? मी नळी लावून भेगांत पाणी सोडलं, मिटाव्यात म्हणून. मिटल्या. आठ दिवसांनी मायच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यातून, केसासारखी एक रेघ खाली उतरली.

मिस्त्री परत आले. त्यांनी त्या रेघेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटनं चिकटवली. भिंत सरकली तर काच तडकेल, एवढंच सांगितलं. मी रोज शाळेत जाताना आणि आल्यावर काच बघायचो. माय पलंगावर बसून मला बघायची आणि म्हणायची, "काय करायलास रे, नवरीचं तोंड बघितल्यासारखं?"

परतीचा पाऊस तीन दिवस लागून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आलो तर काचेचे दोन तुकडे झाले होते. बाहेर प्लास्टरची भिंत पोटुशीसारखी पुढं आली होती. मी मायला पुढच्या खोलीत चल म्हटलं. ती हलेना. "माझ्या रानची माती मला काय करती?" म्हणाली, आणि पांघरूण ओढून घेतलं.

मी बायकोला हाक मारली, पलंग उचलायची भाषा केली, ओरडून पण बघितलं. माय भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. शेवटी मी तिच्या पायाशी बसलो.

"माती चांगलीच हाय, माय. मी ती नको तिथं घातली. मिस्त्री सांगत होते, मी ऐकलं न्हाई. मला ठावं होतं."

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मग हात पुढं केला, आणि मी तिला धरून उठवलं.

चहाचं आधण ठेवलं होतं तेव्हा ते झालं. मोठा आवाज नाही. ओल्या गोणपाटावर कुणीतरी बसावं तसा. भिंत, माती, वाफा, सगळं नाल्यात उतरलं. खोली उभी होती, पण तिच्या पायाखालचे दगड उघडे पडले होते आणि मध्ये एक पाऊलसुद्धा जागा नव्हती.

मग मिस्त्रींनी सांगितलं तसंच झालं, शब्दाशब्दानं. उरलेली काळी माती उपसली, दादानं ती परत नेली. मुरूम ओला करून थराथरानं ठोकला, पुढं जाळीत बांधलेले दगड आले, त्यांच्यामागं गिट्टी भरून तिच्यातून पाच पाइप बाहेर काढले, उतारावर माती धरून ठेवणारं वाळ्याचं गवत लावलं. जाताना मिस्त्री म्हणाले, पाइपातून नितळ पाणी आलं तर बिनघोर राहा, गढूळ आलं तर आतून मुरूम वाहून चाललाय समजा. मायनं विचारलं, मी खोलीत कधी जाऊ? एक पावसाळा जाऊ द्या, असं ते म्हणाले.

तो पावसाळा आता निम्मा झाला. चार पाइप नितळ आहेत. आज सकाळी तिसऱ्यातून पिवळसर पाणी आलं. मी आधी मिस्त्रींना फोन केला, मग आत जाऊन मायला सांगितलं. तिनं घडी करून ठेवलेलं आपलं पांघरूण पुन्हा पुढच्या खोलीतल्या पलंगावर पसरलं, आणि मला मागचं दार लावून घ्यायला सांगितलं.