गोबीच्या पिल्लांचा पाचवा दिवस

मी आज जो काही आहे तो आमच्या प्राणिशास्त्राच्या बाईंमुळे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढं मासे आणि खारं पाणी यांच्या गडबडीत ते मागं पडायला नको. त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो, मीही इथं तेच म्हणतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कराडच्या खाली कृष्णेच्या काठावर. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. सत्तर साल उलटलं होतं तेव्हाची गोष्ट. सांगलीत विश्रामबागला सायन्सला प्रवेश मिळाला, पण पहिले तीन महिने वर्गात काय चाललंय ते मला कळलंच नाही. सगळं इंग्रजीत. सहामाहीला बेडकाच्या पचनसंस्थेचा प्रश्न आला, मी पाठ केलेलं उत्तर लिहून आलो, आणि ते निघालं गांडुळाचं. बाईंनी पेपर परत देताना वर्गात काही म्हटलं नाही. तास सुटल्यावर मला प्रयोगशाळेत थांबवलं, ट्रेमधला फाडलेला बेडूक पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "पुस्तक मीट. काय दिसतंय ते तुझ्या गावच्या भाषेत सांग."

मी भीत भीत म्हणालो, "आतडं हाय. सुंभागत गुंडाळलंया."

"बरोबर. आता हेच इंग्रजीत लिहू."

असे रोजचे अर्धा-पाऊण तास त्यांनी मला वर्षभर दिले. मी बी.एस्सी. झालो आणि त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो.

बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. प्रयोगशाळेच्या खिडकीत त्यांनी एक काचेची पेटी ठेवली होती. जुन्या मोठ्या बॅटरीची ती पेटी भंगारातून घेतलेली होती, आणि तिच्यात समुद्राचं पाणी होतं. सांगलीत समुद्राचं पाणी, ही गोष्टच मला पहिल्यांदा खरी वाटली नव्हती. मी कुणाचं लक्ष नाही असं बघून बोट बुडवून चाखलं होतं. त्या पाण्यात गोबी जातीचे चार लहान मासे होते. ओहोटीला खडकांच्या खाचांत जी डबकी राहतात, त्यांतले. बोटाच्या दोन पेरांएवढे, वाळूच्या रंगाचे, डोळे डोक्यावर आलेले. पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते. त्या वाटीनं ते दगडाला चिकटून बसतात, आणि लाट आली तरी सुटत नाहीत.

बाईंची एक वही होती. आठ वर्षं त्या या माशांची पिल्लं वाढवायचा प्रयत्न करत होत्या. मासे अंडी घालत, अंडी फुटत, शेकडो पिल्लं निघत. त्यानंतर प्रत्येक वेळी वहीत एकच ओळ: चौथा दिवस, एकही नाही.

त्याचं कारण त्यांनी मला समजावून दिलं होतं. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या पोटाखाली पिवळ्या बलकाची छोटी पिशवी असते. ती त्याची शिदोरी. ती तीन-चार दिवसांत संपते. पाचव्या दिवशी जे पिल्लू जिवंत आहे, ते स्वतःच्या तोंडानं खाऊन जिवंत आहे. "मला मोठा मासा नको," बाई म्हणायच्या. "मला फक्त पाचवा दिवस बघायचाय."

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू होता, आणि तो उशिरा कळला. आधी सूक्ष्मदर्शक सुटला, मग फळ्यावरचं अक्षर वाकडं व्हायला लागलं. बाई एकट्याच होत्या. नागपूरला बहिणीकडं जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पेटी आणि वही माझ्या हवाली केली.

"माझ्याऐवजी तू बघ," म्हणाल्या. "आणि बघितलंस की लिही. भाची वाचून दाखवेल."

विश्रामबागेतली माझी खोली एकच होती. तिच्यात पूर्वेच्या खिडकीपाशी पेटी मांडली. पाण्यात हवा सोडायला वीज भरवशाची नव्हती, म्हणून ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी ट्यूब सायकलच्या पंपानं भरून ठेवायचो आणि सलाइनच्या नळीतून बुडबुडा बुडबुडा हवा सोडायचो. खोलीत पाहुणा आला की तो आधी ट्यूबकडं बघायचा, मग माझ्याकडं.

पाणी आणायचे रत्नागिरीच्या एसटीचे एक ड्रायव्हर. बाईंच्या वेळेपासून तेच आणत होते. पंधरवड्याला एक कॅन, भरतीच्या वेळी, खाडीच्या तोंडापासून लांब भरलेला. कॅन उतरवताना त्यांचं एक ठरलेलं असायचं.

"मास्तर, लोक कोकणातनं आंबं मागवत्यात, काजू मागवत्यात. तुमी खारं पाणी."

"दुसरं काय परवडतंय आम्हाला."

"एक डाव स्टँडावरच्या नळाचं भरून वर मूठभर मीठ टाकतो. बघू वळखतंय काय तुमचं मासं."

पण त्यांनी कधी कॅन चुकवला नाही, आणि घाटात पाऊस असेल तर झाकणावर स्वतःचं फडकं बांधून आणायचे.

मी सगळं वहीबरहुकूम केलं. जे लिहिलंय ते करायचं, नाही ते करायचं नाही, अशीच मला शाळेपासून सवय. कौलाचा एक पालथा तुकडा वाळूत टेकवून ठेवला. थोड्याच दिवसांत एका नराचा रंग काळसर झाला. तो कौलाखालची वाळू तोंडानं बाहेर टाकायला लागला. मग मादी आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिचं पोट आत गेलेलं होतं. आरसा धरून मी खालून बघितलं. कौलाच्या छताला तांदळाच्या कणीहून बारीक अंडी ओळीनं लटकलेली. नर त्यांच्याखाली उलटा होऊन परांनी वारा घालत होता. मादी जवळ आली तरी तो तिला हाकलायचा. पाच दिवस तो खाण्यासाठी बाहेर आला नाही. चौथ्या दिवशी त्या अंड्यांत डोळे दिसायला लागले. प्रत्येक अंड्यात चांदीचे दोन ठिपके. एक अंडं मी कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आत हृदय चाललेलं होतं. वर्गात मी हृदयाची आकृती शंभरदा काढली असेन. तिथं मात्र मी स्टूल ओढून खाली बसलो.

दिवेलागणीला अंडी फुटली. नरानं अंगाला जोराचा झटका दिला, आणि कौलाखालून धूर निघावा तशी पिल्लं बाहेर आली. अंग काचेचं, नुसते डोळेच पाण्यात पोहताहेत असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी एकही राहिलं नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर बाईंनी मोठ्या, कापऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'खायला घातलेल्या कोंबडीच्या अंड्याच्या बलकानं पाणी नासतं. हिरवं पाणी करून बघणे.' ते मी केलं. समुद्राचं पाणी बरणीत भरून गच्चीवर उन्हात ठेवलं. ते हिरवं झालं, आणि त्यात डोक्यावर चाकासारखे केस फिरवणारे, नुसत्या डोळ्याला न दिसणारे जीव झाले. पिल्लांच्या तोंडात जाईल एवढं लहान जिवंत अन्न तेच. ते पेटीत सोडलं. पण ते जीव पेटीत गेले की सुस्त होऊन तळाला बसायचे, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. दुसरी खेप, तिसरी, चौथी. वर्ष गेलं. बाईंच्या भाचीच्या अक्षरात पोस्टकार्ड यायचं: 'मावशी विचारते, कितवा दिवस?' मी उत्तर द्यायचो, 'प्रयत्न चालू आहे.' काय चुकतंय ते विचारायची लाज वाटत होती. आठ वर्षांची वही हातात देऊनही मला जमत नाही, हे कसं लिहायचं?

उन्हाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, हळद घेऊन सांगलीच्या बाजारात आले, ते दोन दिवस माझ्याकडं राहिले. पूर्वी फौजेत होते, नंतर शेती. पेटीपुढं मांडी घालून बसले.

"काय म्हणायचं रं ह्यास्नी?"

"गोबी म्हणत्यात, आबा."

"गोबी? फौजेत दोन वर्सं सकाळ-सांच गोबीच वाढली आमास्नी. ती काय पोहत नव्हती." मग काचेला नाक लावून बघत म्हणाले, "लय येगळं हाय हे. समुद्रातलं जित्राब आन् तुज्या खोलीत."

दुपारी मी कॅनमधून पेटीत पाणी घालत होतो. उन्हानं पाणी दोन बोटं खाली गेलं होतं. आबांनी पेटीच्या काठावरची पांढरी खपली नखानं काढली आणि जिभेला लावली.

"पानी कमी झालं की काय घालतोस?"

"हेच. समुद्राचंच."

"कवापासनं?"

"वर्ष झालं. लांबनं येतं आबा, थेंब वाया घालवत न्हाई मी."

आबांनी हात पुसला. "खालचं वावार इसरलास व्हय? पानी पाजलं, पानी पाजलं, वरचं उडून गेलं आन् मीठ तितंच बसलं. ऊस उगवंना झाला. हितं दुसरं काय हाय?"

मी म्हणालो, "आवं, पण समुद्राचं मासं. गोडं पाणी घालून कसं चालंल?"

"आरं, समुद्रावर पाऊस गोडाच पडतोय की."

मी कॅन खाली ठेवला. आबा तिसरी शिकलेले. पाणी उडतं आणि क्षार राहतात, हे मी दरवर्षी पोरांना प्रयोग करून दाखवत होतो. आणि त्याच क्षणी मला प्रयोगशाळेतल्या बाई दिसल्या. रोज सकाळी पर्स ठेवायच्या आधी डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीतलं थोडं पाणी पेटीत ओतायच्या. इतकी वर्षं मी ते बघत होतो. काचेवरचे डाग धूत असतील, असं वाटायचं मला. वहीत ते कुठंच नव्हतं. रोज केलेली गोष्ट कोण लिहून ठेवतं?

शेजारच्या दूध डेअरीतून लॅक्टोमीटर मागून आणला. तो दुधाचा दाटपणा मोजायचा, पण पाण्यात मीठ वाढलं तरी त्याचा आकडा वर जातो. ताज्या कॅनमधल्या पाण्यात तो पंचविसाच्या आसपास थांबला. पेटीतल्या पाण्यात पस्तिशीच्या वर. मोठे मासे चिवट. खडकातल्या डबक्यात ऊन सोसायची त्यांना सवय. पण हिरव्या पाण्यातले नाजूक जीव त्या खारटपणात पडताक्षणी गळाठून जात, आणि शिदोरी संपली की पिल्लं भरल्या पेटीत उपाशी मरत.

पंधरा दिवस लावून, थोडं थोडं गोडं पाणी घालत, मी पेटीतला खारटपणा उतरवला. काचेवर रंगाची रेघ मारली, आणि रोज सकाळी रेघेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालायला लागलो. पावसाळा सुरू झाला तेव्हा नराचा रंग पुन्हा काळा पडला. पुढं जे झालं ते पत्रातच आहे. त्या पत्राचा कच्चा खर्डा मी ठेवलाय. बाईंना ते ऐकायचं होतं, वाचायचं नव्हतं, म्हणून तीनदा लिहून काढलं होतं.

विश्रामबाग, सांगली
रविवार, सकाळ

आदरणीय बाई,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. आज पाचवा दिवस आहे आणि पिल्लं जिवंत आहेत.

किती आहेत ते नीट सांगता येत नाही. मोजायला घेतली की जागा बदलतात. चाळिसाच्या वर नक्की आहेत. बरीच गेली, तेही खरं.

तुम्ही पहिल्यांदा पोटाचं विचाराल. पेटीमागं काळा कागद लावून भिंगातून बघितलं. पिवळी पिशवी संपली आहे, काही शिल्लक नाही. पण पोट रिकामं नाही. प्रत्येकाच्या पोटात एक हिरवट ठिपका आहे. सुईच्या टोकानं टेकवावा एवढाच.

एका पिल्लाला मी खाताना बघितलं. ते पाण्यात स्थिर होतं. मग शेपटीकडून अंग वळवून आखडलं, आपण दोरीचा पीळ घट्ट करतो तसं. क्षणभर थांबलं, आणि एकदम सरळ होऊन पुढं गेलं. त्याच्यासमोर एक पांढरा कण होता, तो नंतर तिथं नव्हता. पाचदा असं केलं. तीनदा चुकलं, दोनदा साधलं. चुकलं की ते लगेच दुसरीकडं वळत होतं.

अंग अजून काचेसारखंच आहे. पाठीखाली हवेचा एक थेंब चमकतो. मान असते तिथं हृदय दिसतं. घड्याळ लावून ठोके मोजायला गेलो, पण डोळ्यात पाणी आलं आणि राहून गेलं. ते उद्या मोजतो.

चूक माझी होती. तुम्ही रोज सकाळी बाटलीतलं पाणी घालत होता, ते मी बघितलं आणि कधी विचारलं नाही. वहीत नाही म्हणून केलं नाही. आमच्या आबांनी काठावरचं मीठ चाखून ते दाखवून दिलं. तुमची परवानगी असेल तर वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवतो.

कौलाखालचा नर आज बाहेर येऊन मी टाकलेलं खाऊन गेला, पिल्लांच्या वाटेला गेला नाही.

बाई, सहाव्या दिवसाबद्दल वहीत काही नाही, आणि कॉलेजातल्या पुस्तकांतही मला सापडलं नाही. काय बघायचं, ते भाचीकडून लवकर लिहून कळवा.

तुमचा विद्यार्थी