मुराळीची प्रत्याशा

काकू फळ्यावर 'प्रत्याशा' हा शब्द लिहीत आणि वर्गाकडे पाठ ठेवूनच म्हणत, "हा कुठेही वापरायचा नाही." म्हसावदच्या शाळेत त्यांनी मराठी शिकवलं, तेवढी वर्षं तांबड्या शाईने मुलांच्या वाक्यांतला हा शब्द खोडला. "पावसाची आशा करा, पेपर सोपा येण्याची करा. प्रत्याशेला समोरचा माणूस घरून निघालेला लागतो." कोशात एवढी कडक अट नाही. तिथे नुसतं 'अपेक्षा, भरवसा' असं आहे. अट काकूंची होती.

त्यांनी आपल्या मर्जीने माझ्या धाकट्या काकांशी लग्न केलं, तेव्हा नवापूरकडचे त्यांचे वडील म्हणाले होते, "या घरून तुला मुराळी येणार नाही." आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी जाते ती कुणी न्यायला आलं तरच. तो न्यायला येणारा मुराळी, बहुधा भाऊ. काकूही हट्टाच्या. "मग मी बिनमुराळीची येणारही नाही." पुढे वडील गेले, दोघांचे शब्द तसेच राहिले.

दर आखाजीला त्या सकाळीच नवी साडी नेसून ओट्यावर वह्या तपासत बसत. आत पिशवी भरलेली असे. पलीकडे लिंबाला झोके बांधून माहेरवाशिणी गात. शेजारच्या आजी चिडवत,

"काय व बाई, यष्टी दारसमोर थांबस. कसाले मुराळीनी वाट दखी ऱ्हायनी?"

"आजी, यष्टी गावले लई जास. माहेरले नही."

दोघी हसत. ओट्याला ना दार ना कुलूप, पण त्या दिवशी काकूंना तिथून हलता येत नसे. संध्याकाळी त्या पिशवी रिकामी करत, साड्या पुन्हा कपाटात लावत, आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

एकदा मी म्हटलं, "काकू, मामांना फोन करून बोलवा ना." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी बोलावल्यावर आला, तर तो पाहुणा." भावाचा नंबर त्यांच्याकडे होता. त्याने मोबाईलवर शेताचा फोटो लावला की तो मोठा करून बांधावरची झाडं बघत.

यंदा आखाजी जवळ आली होती. एके दिवशी काकू सकाळी उठल्याच नाहीत. माहेरचं लुगडं आल्याशिवाय बाईची तिरडी उचलत नाहीत, म्हणून काकांनी फोन लावला. पलीकडून मामा म्हणाले, "निंघनू, दाजी."

ऊन चढलं. माणसं दारात, ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून उभी. मध्येच फोन आला, त्यांची गाडी प्रकाशा गावाच्या पुलावर होती. त्या दुपारी आम्ही सगळे जे करत होतो, त्यासाठी मी तो शब्द वापरला असता तर काकूंनी खोडला नसता.

मामा आले. लुगडं हिरवं होतं, पण नवं नव्हतं. घडीवर रंग विटला होता. कितीतरी आखाज्या ते तसंच ठेवलेलं असणार. ते काकूंच्या उशाशी बसले.

"तू बलावं नही, ताई, आनि मी उनू नही. आते ऊठ व. तुले लेवाले उनू."