ऐंशी डाव्या बाह्या

कारखान्यात तिला सगळे मास्तर म्हणत. बाई असली तरी मास्तरच. कोणी मास्तरीणबाई म्हटलं तर ती मान वर करायची नाही. गेली अठ्ठावीस वर्षं ती शाळेच्या गणवेशांचं कापड कापत होती. लांब टेबलावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, वरच्या थरावर पुठ्ठे ठेवून खडूने आखायचं, मग मशीनचं पातं घालायचं. एकदा आखणी चुकली की चाळीस वेळा चुकते. तिची कधी चुकली नव्हती.

मंगळवारी चुकली.

बाहीचा पुठ्ठा दोनदा आखायचा असतो. एकदा सुलटा, एकदा उलटा. म्हणजे एक बाही डावी निघते, एक उजवी. शिकाऊ माणसालाही हे पहिल्या आठवड्यात कळतं. मास्तरने तो दोन्ही वेळा सुलटाच ठेवला. ऐंशी बाह्या कापून झाल्या. इस्त्रीवाल्याने त्यातल्या दोन उचलून आपल्या दोन्ही दंडांना लावून पाहिल्या.

"मास्तर, दोन डाव्या हातांच्या पोरांची शाळा निघालीय का कुठे?"

तिने बाह्या त्याच्या हातातून ओढून घेतल्या.

"आधी तुझा तो रेडिओ बंद कर."

"गाणं कधीच संपलं. बातम्या चालल्यात."

"मग बातम्या बंद कर."

त्याने बटण फिरवलं.

गाणं जुनं होतं. घर सोडून निघालेल्या माणसाचं. गाणाऱ्या बाईचा आवाज गोड, मागची बासरी गोड, सगळंच गोड. एरवी ते लागलं की मास्तर पाणी प्यायला उठायची आणि संपल्यावरच परतायची. आज उठायचं राहिलं. हातात पुठ्ठा होता आणि डोक्यात दादाचा सकाळचा फोन.

"आईने अंथरूण धरलंय," दादा म्हणाला होता. "तुझ्या वहिनीची कंबर गेलीय. तू रविवारपर्यंत ये. कायमचीच ये."

"आणि माझं काम?"

"कामाचं काय घेऊन बसलीस. तुझं तिथे आहे तरी कोण? सडाफटिंग आहेस." मग त्याने आवाज मऊ केला. "आई सारखी ते गाणं गुणगुणते गं. आपल्या घरचं गाणं."

आपल्या घरचं. तिने फोन ठेवला होता.

ते गाणं घरचं कसं झालं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा ती शाळेत होती. दादाची मोठी परीक्षा जवळ आली होती. घरात एक तोंड कमी झालं असतं तर बरं होतं, आणि शहरातल्या मावशीला तान्हं मूल सांभाळायला कोणीतरी हवं होतं. पंधरा दिवस जाऊन ये, आई म्हणाली. भर उन्हाळा होता. पिशवी भरताना आईने तळाशी स्वेटर घातला. पोरीने तो पाहिला आणि तिला सगळं कळलं. तिने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. मावशीचा नवरा तिचं एकेक बोट सोडवत होता. ती किंचाळत होती. शेजारच्या दाराची कडी वाजली, तशी आई आत गेली आणि तिने रेडिओ मोठा केला. रस्ता वळेपर्यंत ते गाणं तिला ऐकू येत होतं.

पंधरा दिवसांची पाच वर्षं झाली. मावशीचं एक मूल चालायला लागलं की दुसरं तयार. शाळा सुटली ती सुटलीच. तळमजल्यावरच्या शिंप्याकडे चोरून बसून ती आधी काजं करायला शिकली, मग कापायला. दादा शिकून साहेब झाला. तुझी फार आठवण येते, असं तो पत्रात लिहायचा. न्यायला कधी आला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मास्तरने डबा उघडलाच नाही. ती जिन्यात गेली आणि दादाला फोन लावला.

"आईला दे."

"अगं, तिला बोलताना धाप लागते."

"गाताना लागत नाही ना? दे."

फोनमध्ये खरखर झाली. मग आईचा श्वास आला.

"येतेस ना, बाळ?"

"आई, मी निघाले तेव्हा तू रेडिओ मोठा का केलास?"

विसरले, असं आई म्हणेल, अशी मास्तरची खात्री होती. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"तुझं रडणं ऐकवेना," आई म्हणाली. "आणखी थोडा वेळ ऐकलं असतं तर तुला जाऊ दिलं नसतं."

"मग ऐकायचं होतंस."

"परिस्थितीच तशी होती गं."

"दादासाठी नव्हती. दादाला दे फोन."

मास्तरचा आवाज चढला नव्हता. तिने मोकळ्या हाताने जिन्याचा कठडा धरला.

"मी येणार नाही," ती दादाला म्हणाली. "इथली माझी खोली मी माझ्या हातांनी उभी केलीय. कारखान्यातलं कापायचं टेबल माझं आहे. तुमच्यासाठी एकदा घर सोडलं, पुन्हा सोडणार नाही. आईचं करायला माझी ना नाही. तिला इथे आण. खिडकीशी खाट बसते. दिवसा शेजारीण बघेल, बाकीचं मी बघेन."

"वेड लागलंय का तुला? या वयात तिने घर सोडायचं? काही दयामाया?"

"माझं वय काय होतं, सांग."

"कधी?"

"निघाले तेव्हा."

पलीकडे दादा आठवू लागला. अकरा म्हणाला. मग म्हणाला, नाही, चौदा असशील. मग म्हणाला, आता ते उकरून काय उपयोग.

"आई शेजारीच आहे," मास्तर म्हणाली. "तिला विचार. मग कोणत्या गाडीने येताय ते कळव."