सासूबाईंना दिलेली कंपनी

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या, कारण शेवटी शेवटी मला स्वतःलाच हसू येत नाही. मी माझ्या सासूबाईंना घरातून हाकललं. म्हणजे भांडून वगैरे नाही हो! अतिशय प्रेमानं, आग्रहानं, व्हीलचेअर असिस्टन्स बुक करून हाकललं.

तर मेधाची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मिरजेच्या. तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. मार्चमध्ये आमच्याकडे अमेरिकेत, शॉमबर्गला आल्या. ईरा, आमची मुलगी, यंदा हायस्कूल संपवणार होती आणि जूनच्या सुरुवातीला तिचं ग्रॅज्युएशन होतं. "एकुलत्या एका नातीला त्या चौकोनी टोपीत बघायचंय," हे आई फोनवर वर्षभर म्हणत होत्या. परतीचं तिकीट जुलैचं. सगळं कसं छान ठरलेलं.

आता आमच्या घरचं वेळापत्रक नीट ऐका, कारण माझा सगळा मूर्खपणा त्या वेळापत्रकात आहे. ईरा साडेतीनला शाळेतून येते. मेधा एका लॅबमध्ये काम करते, ती साडेसातशिवाय उगवत नाही. मी वरच्या मजल्यावर बसून घरूनच काम करतो, सहाला लॅपटॉप मिटतो आणि खाली येतो.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. मी जिना उतरलो की सोफ्यावर एकदम गडबड! आई चटकन पाय खाली घ्यायच्या, साडी सारखी करायच्या, "बसा ना संजयराव, बसा," म्हणायच्या. मी बसायचो. पाच मिनिटं झाली की त्या उठायच्या. किचनमध्ये जाऊन पुसलेला ओटा पुन्हा पुसायच्या. येऊन टेकायच्या, परत उठायच्या. मग खिडकीपर्यंत, दारापर्यंत, फ्रिजपर्यंत फेऱ्या.

आता मी पडलो प्रॉजेक्ट मॅनेजर. आम्हाला एकदा पॅटर्न दिसला की विषय संपला! मी आलो की आई उठतात. मी नसलो की आई बसतात. प्रॉब्लेम कोण? मी!

"मेधा, आई माझ्यावर नाराज आहेत."

"काहीतरीच काय! तिला बसवत नाही एका जागी, एवढंच."

बघा हं, बायकोनं पहिल्याच दिवशी अचूक सांगितलं होतं. पण तिचं ऐकलं असतं तर तुम्हाला आज काय ऐकवलं असतं?

दोन दिवस मी आठवत बसलो, माझं काय चुकलं असेल. लग्नात विहीणबाईंची पंगत बसली तेव्हा मी खोलीत घोरत पडलो होतो, ते? की वीस वर्षांपूर्वी "दोनच वर्षांसाठी जातोय" असं सांगून त्यांच्या मुलीला इकडे घेऊन आलो, ते? हे दुसरं आठवलं आणि मला घामच फुटला.

शेवटी विनयला फोन केला. विनय म्हणजे आमचा इथला मित्र. दोन्हीकडचे मिळून चार आईवडील त्याच्याकडे येऊन राहून गेलेत, त्यामुळे या विषयातला तो एक्स्पर्ट.

"अरे सिंपल आहे यार," तो म्हणाला. "करमत नाहीये त्यांना. भारतातून आलेल्या सगळ्यांचं हेच होतं. कंपनी दे त्यांना, कंपनी! जावई समोर बसून चार शब्द बोलला की सासू खूश."

झालं! दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहा ते नऊ मी ड्यूटीवर. सोफ्याच्या बरोबर समोर खुर्ची टाकली. फोन बाजूला, टीव्ही बंद. आणि कंपनी म्हटलं की चहा आलाच. मी स्वतः करायचो, आलं ठेचून, चांगला कडक. सहाला एक कप आणि जेवण झाल्यावर एक. "आता नको हो," त्या म्हणायच्या. "असं कसं? माझ्या हातचा आहे, घ्या!" नागपूरचा माणूस आग्रहात कमी पडेल होय?

"आई, तुमच्या वर्गात किती मुलं असायची हो?"

"पन्नास-साठ असायची की." चेहरा हसरा, पण साडीच्या काठाखाली पावलं आपली चाललेली, एक थांबलं की दुसरं.

मी मनात म्हटलं, अरे बाप्पा! राग केवढा आहे बघा, तोंडानं हसतायत आणि पाय नुसते थयथयतायत.

सकाळी त्यांचे डोळे लाल असायचे. मेधानं विचारलं तर म्हणाल्या, "जागा बदलली की झोप येत नाही गं." मी लगेच पुढे! फार्मसीत गेलो आणि कुणाला एका शब्दानं न विचारता झोपेची गोळी घेऊन आलो. सर्दीच्या औषधात गुंगी आणणारं जे काही असतं ना, त्यातलीच. जावयानं प्रेमानं आणलेली गोळी, त्या बिचाऱ्या नको कसं म्हणतील? चार दिवस घेतली आणि चार दिवसांत येरझाऱ्या दुप्पट झाल्या. मी काय निष्कर्ष काढला असेल? की डोस कमी पडतोय. गोळीचा नाही हो, कंपनीचा!

म्हणून डेट्रॉइटची ट्रिप काढली. तिथे माझी मावसबहीण राहते. पाच तासांचा ड्राइव्ह. आईंना मानानं पुढे बसवलं, माझ्या शेजारी, बेल्ट घट्ट लावून. पहिला तास झाला नाही तर त्या म्हणाल्या, "जरा थांबता येईल का?" दुसऱ्या तासाला पुन्हा तेच. बरं, थांबलो की बाथरूमला जाणं नाही, काही खाणं नाही, थेट पार्किंग लॉटला फेऱ्या! बाहेर बोचरा वारा, लोक पळत पळत आत शिरतायत, आणि आमच्या आई साडीवर स्वेटर, पायात ईराचे स्नीकर्स, भराभरा चालतायत. मी गाडीच्या काचेतून बघत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, या बाईला जमलं तर आत्ता इथून मिरजेपर्यंत चालत जायचंय.

परत आल्यावर मी हिय्या केला. समोर बसलो आणि सरळच विचारलं, "आई, खरं सांगा. तुम्हाला इथे त्रास होतोय ना?"

त्या दचकल्या. "तुम्हाला कळलं?"

"न कळायला काय झालं? रोज बघतोय मी."

"होतो हो थोडा. पण त्यात तुमचा काही दोष नाही. उगाच तुमच्या झोपेचं मात्र खोबरं…"

"माझं सोडा! मिरजेला असतात तर एवढा त्रास झाला असता का?"

"तिथे काय, घरात मी एकटी. कसंही बसा, कसंही लोळा. कुणाचा संकोच नाही."

संपलं! कबुलीजबाब मिळाला. आणखी काय पुरावा हवा? मी त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडला आणि तिकीट जुलैवरून मेमध्ये आणलं.

जेवताना सरप्राइज म्हणून जाहीर केलं. आईंचा घास हातातच राहिला.

"पुढच्या शनिवारचं?"

"हो आई! आता मनाविरुद्ध एक दिवस राहायचं नाही."

त्यांनी घास ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. तुम्हाला सोयीचं पडेल तसं."

मेधानं नंतर त्यांना बाजूला घेऊन विचारलं. "जाते गं, बरं पडेल मला," एवढंच उत्तर. मेधा रडली. ईरा मात्र माझ्यावर धावून आली.

"बट आजी वॉज स्टेइंग फॉर माय ग्रॅज्युएशन! बाबा, व्हॉट डिड यू डू?"

"बेटा, आजीला करमत नाहीये इथे."

"दॅट्स सो नॉट ट्रू!" आणि धाडकन दार लावून खोलीत.

सतरा वर्षांच्या पोरीचं कोण मनावर घेतं? मी तरी घेतलं नाही. पोरीला नुसतं "का गं?" एवढं विचारायला काय झालं होतं मला? आजही मनाला लागतं ते.

एअरपोर्टवर आईंनी ईराच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि तो हात काही त्यांना काढवेना. मला म्हणाल्या, "संजयराव, फार केलंत हो माझं." मी मान हलवली. वर मनातून खूशही झालो, गाढवासारखा.

ग्रॅज्युएशनला आम्हाला तीन पास मिळाले होते. मेधा एकीकडे, मी एकीकडे, मध्ये रिकामी खुर्ची. मिरजेत तेव्हा पहाट होती. मेधानं व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला. मैदानावर चारशे-पाचशे पोरं, सगळ्यांच्या डोक्यावर तीच टोपी. नेटवर्कची बोंब. "यातली आपली कुठली गं? आपली कुठली?" आई विचारत होत्या. ईराचं नाव पुकारलं तेव्हा नेमकं चित्र अडकलं. सुटलं तेव्हा दुसऱ्याच कुणाची तरी पोरगी स्टेजवर होती आणि आई तिच्यासाठी टाळ्या वाजवत होत्या. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

घरी येताना गाडीत मेधा म्हणाली, "आई बरीच टवटवीत दिसली ना रे? डॉक्टरांकडे जाऊन आली ती. पायांचं निघालं."

"पायांचं? काय झालं पायांना?"

"रेस्टलेस लेग्ज म्हणतात. संध्याकाळी जरा स्वस्थ बसलं की पायांच्या आतून काहीतरी वळवळल्यासारखं होतं. हलवल्याशिवाय राहवतच नाही. चाललं, ताणलं, चोळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. रात्री तेच, मग झोप कुठली? रक्त तपासलं तर लोह कमी. त्याच्या गोळ्या सुरू केल्यात. दुपारनंतर चहा बंद. झोपायच्या आधी पोटऱ्या ताणायच्या, कोमट पाण्यात पाय ठेवायचे, रोज ठरलेल्या वेळी आडवं व्हायचं. आता निदान पाच तास सलग झोपते म्हणाली. आणि ती तुझी गोळी! डॉक्टर भडकलेच म्हणे, तसल्या गुंगीच्या गोळ्यांनी हा त्रास आणखी वाढतो म्हणून."

"माझं नाव सांगितलं त्यांनी?"

"नाही. 'मीच घेतली' म्हणाली."

तेवढ्यात मागून ईराचा आवाज आला.

"आय न्यू अबाउट द लेग्ज."

मी गाडी बाजूलाच घेतली. "तुला माहीत होतं?"

"ऑफ कोर्स. मी शाळेतून आले की आजी माझ्या मांडीवर पाय ठेवायची, मी दाबून द्यायची. शी वुड फॉल अस्लीप. एव्हरी डे. अँड देन ॲट सिक्स यू वुड कम डाउन."

"अगं मग सांगायचं नाही का!"

"शी मेड मी प्रॉमिस. ती म्हणाली, जावयासमोर पाय पसरून बसत नाहीत. आणि वर्गात पाय हलवणाऱ्या मुलांना ती उभं करायची, सो शी वॉज एम्बॅरस्ड. अँड नोबडी आस्क्ड मी, बाबा."

तुम्हीच सांगा. जावयासमोर पाय पसरायचे नाहीत, आणि जावई समोरून हलत नाही! दोन महिने, रोज तीन तास, मी त्या माउलीला पाय दुमडून बसायला लावत होतो. वरून कडक चहा पाजत होतो. वरून ती गोळी. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून पाच तास बेल्टनं बांधून डेट्रॉइटला नेलं आणि परत आणलं. कुणी ठरवून छळ करायचा म्हटलं तरी एवढं नीट प्लॅनिंग जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला फोन लावला. "आई, चुकलो हो मी. फार चुकलो. मला वाटलं तुम्हाला इथे करमत नाही."

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "आणि मला वाटलं, माझ्या रात्रीच्या येरझाऱ्यांनी तुमची ती लाकडी जमीन वाजते, तुमची झोप होत नाही, म्हणून तुम्ही मला लवकर पाठवताय."

म्हणजे बघा! त्यांना वाटत होतं, जावई घालवून देतोय. तसं वाटत असतानाही एअरपोर्टवर माझे आभार मानून गेल्या.

"आई, ग्रॅज्युएशन तर गेलं," मी कसंबसं म्हणालो. "ते काही मी परत आणू शकत नाही. पण पुढच्या वर्षी याल ना? सहा महिने राहायचं. चहा नाही, गोळी नाही, ड्राइव्ह नाही."

"येईन की." मग अगदी हळू आवाजात, "पण संजयराव, रागावणार नसाल तर एक सांगू? संध्याकाळी तुम्ही आपले वरच बसत जा."

"हो आई," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ईरा ऑगस्टमध्ये कॉलेजला जातेय, चांगली विमानानं जाण्याइतकी लांब. म्हणजे पुढच्या वर्षी आई येतील तेव्हा संध्याकाळी पाय दाबून द्यायला ती नसेल. मेधा साडेसातला येणार. तोवर घरात असेन तो मी एकटा. आणि तोही वरच्या मजल्यावर.