मानेवरच्या पायऱ्या

सलूनच्या दारात पाटी होती: ‘ग्राहकास सेवा नाकारण्याचा हक्क राखून ठेवला आहे.’ मजकूर एका वकिलाने दिलेला. “दुकान खासगी आहे तुझं. कारण सांगायचीही गरज नाही,” असं त्याने दाढी करून घेताना सांगितलं आणि सलूनवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता नाही म्हणायला कुणीतरी हवं होतं.

सापडले ते निवृत्त पोस्टमन. डोक्यावर कोडाचे पांढरे डाग. कोड लागत नाही हे सलूनवाल्याला चांगलं ठाऊक होतं. पण बाकावरची दोन गिऱ्हाइकं चुळबुळ करू लागली आणि त्याचा धीर सुटला.

“काका, तुमचं नाही जमायचं.”

“का रे?”

त्याने कंगव्याने पाटी दाखवली. कारण तोंडाने सांगायचीही हिंमत नव्हती गड्यात! पोस्टमननी चष्मा लावून पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. गळ्यातलं कापड सोडून त्याची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि गेले.

पडद्यामागे सलूनवाल्याचे वडील सगळं ऐकत होते. हात थरथरतात म्हणून पाच वर्षांत त्यांनी कात्री धरली नव्हती. त्यांनी जुनी पेटी काढली, चपला घातल्या आणि मुलाच्या समोरून पोस्टमनच्या मागोमाग निघाले.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन दुकानावरून गेले ते मानेवर वेड्यावाकड्या केसांच्या पायऱ्या घेऊनच. एक कल्ला वर, एक खाली. कुणी हसलं की ते ऐटीत सांगत, “थोरल्या मालकांनी घरी येऊन कापले.” रोज सकाळी ती मान सलूनवाल्याच्या आरशातून जाई आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. वडील रागावतही नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

आठव्या दिवशी त्याने पाटी उतरवली आणि कात्री घेऊन रस्त्यावर धावला.

“काका, चुकलो मी. आत या ना. पाच मिनिटांत सरळ करून देतो.”

“पाटी काढलीस?”

“काढली.”

“चांगलं केलंस.” पोस्टमननी मानेवरून हात फिरवला. “पण दुकान तुझं, तसं डोकं माझं. नाही जमायचं. कारण सांगायची गरज नसते ना?” आवाजात राग नव्हता.

तो परतला तेव्हा वडील दारातच उभे होते.

“नाही म्हणाले?”

“हो.”

“पुढच्या महिन्यातही मीच जाईन,” वडील म्हणाले. “तू तेवढी माझ्या कात्रीला धार लावून दे.”

तो धार लावायला बसला. बाकावर गिऱ्हाईक येऊन बसलं, तरी त्याची मान वर झाली नाही.