म्हशीला प्लीज म्हणणारा भाडेकरू

डोंगराची माती गोठ्याच्या मागच्या भिंतीला येऊन टेकली होती, भिंत आतल्या बाजूला फुगली होती, आणि आमचा भाडेकरू गोठ्याच्या दारात उभा राहून म्हशीला ‘प्लीज’ म्हणत होता. पाऊस असा की समोरचं धरणाचं पाणीसुद्धा दिसत नव्हतं. मी खुंट्याशी वाकून दाव्याची गाठ सोडत होते आणि भिजलेली गाठ सुटत नव्हती. “आरं, पिलीज कुनाला म्हंतुयास? शेपूट पिरगाळ तिची!” मी ओरडले. “मावशी, तिला दुखेल,” तो म्हणाला. वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. म्हशीनं नुसता कान हलवला. त्यानं तेवढंही केलं नाही.

असा सगळं नंतरवर टाकणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही, आणि मी सत्तरी ओलांडली आहे. माझ्या घराची पुढची खोली त्यानं भाड्यानं घेतली होती. पुण्यातल्या एका कंपनीचं काम तो घरात बसून करायचा. शांतता पाहिजे म्हणून मुळशीला आला, आणि शांतता मिळाल्यावर आणखीच घाबरा झाला. ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचा. नखं खायची सवय होती, त्यामुळं त्याला वांगी निवडायला दिली तरी देठ काढता यायचा नाही. त्याचं काम काय ते मला समजायला बरेच दिवस लागले. माणसं मोबाईलमध्ये काही चांगलं लिहिलेलं बघतात, पण त्या वेळी वाचायला सवड नसते. मग ते एका जागी ठेवून द्यायचं आणि सवडीनं वाचायचं. ठेवायची ती जागा, म्हणजे ते ॲप, याची कंपनी चालवायची, आणि त्यात नवीन सोयी काय काढायच्या हे ठरवणं याचं काम. त्या सोयींना तो फीचर म्हणायचा.

“मंजी फडताळ हाय म्हन की,” मी म्हणाले.

“अगदी बरोबर, मावशी.”

“मग लोक काढून वाचत्यात का ठेवल्यालं?”

त्याचा चेहरा उतरला. “तोच तर प्रॉब्लेम आहे. कुणीच वाचत नाही.”

कसे वाचतील? सोय काढणारा स्वतःच तसला. चहा दिला की “ठेवा मावशी, घेतो,” आणि मग सायीवर माशी बसलेला कप मीच उचलायची. खोलीत गळायला लागलं तर बादली भरून वाहिल्यावर मला सांगायचा. त्याच्या आईनं डिंकाचे लाडू पाठवले, तर एखाद्या चांगल्या दिवशी खाऊ म्हणून डबा वर ठेवला. चांगला दिवस उजाडला तो मुंग्यांचा. एका मुलीकडच्यांनी स्थळ म्हणून माहिती आणि फोटो पाठवला होता. तोही त्यानं त्या फडताळात ठेवला, आणि उघडून बघितला तोवर मुलीचं लग्न होऊन गेलेलं. मी विचारलं, “दिसायला कशी हुती रं?” तर म्हणाला, “छान होती हो,” आणि दुपारभर फेऱ्या मारत राहिला.

नवीन सोय सुचली की तो आधी कागदावर चौकोन काढायचा. तो कागद म्हणजे मोबाईल. मला ओट्यावर बसवायचा आणि म्हणायचा, “मावशी, तुमच्यासारखं साधं माणूसच पाहिजे मला. हे बटण दाबल्यावर काय होईल असं वाटतं?”

“कागद फाटंल.”

“तसं नाही. समजा, दाबलं.”

मी बोट ठेवायची. मग तो तो कागद काढून दुसरा पुढं सरकवायचा आणि माझ्या तोंडाकडं असा बघायचा, जसं माझं तोंड बघून त्याचा पगार ठरणार आहे. एकदा त्यानं काढलं की ठेवलेलं वाचलं नाही तर ते हळूहळू पिवळं पडेल, झाडाच्या पानासारखं. ऑफिसातले म्हणाले, लोक उदास होतील. एकदा प्रत्येकावर लिहिलं की हे वाचायला किती वेळ लागेल. मी म्हणाले, त्यानं तर कुणी हातच लावायचं नाही. तो दोन दिवस माझ्याशी कमी बोलला, मग म्हणाला, “तुमचं बरोबर निघालं.” बरोबर निघाल्याचा मला काही आनंद नव्हता. त्याचं जेवण कमी झालं होतं.

शेवटी सख्ख्या मित्राच्या लग्नाचं आमंत्रण फडताळात राहिलं, लग्न चुकलं, आणि मित्रानं बोलणं सोडलं. त्या दुःखात त्यानं एक सोय काढली. ठेवलेल्या मजकुरात आजची तारीख किंवा वेळ असेल, तर ते मागं दडपून राहायचं नाही. जेवणाच्या वेळेला मोबाईलमधली बाई ते मोठ्यानं वाचून दाखवणार, आणि ‘कळलं’ असं बटण दाबेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचणार. ऑफिसातल्यांना ती अजिबात आवडली नाही. त्यांचं म्हणणं, माणूस विसरायलाच तर ठेवतो, त्याला कशाला टोचायचं? गोठ्याची भिंत फुगली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याची मोठी मीटिंग होती. सोय राहणार की जाणार ते ठरायचं होतं, आणि सोयीबरोबर आपणही जाणार असं त्याला वाटत होतं. तोवर तो आपल्याच मोबाईलवर ती चालवून बघत होता.

मला त्याच्या मीटिंगची पडली नव्हती. पाऊस खळत नव्हता, आणि घरामागच्या उतारावर भेग पडली होती. रोज सकाळी मी तिच्यात काठी घालून बघायची. काठी रोज थोडी जास्त आत जायची. तिथून आले की त्याला विचारायची, “पाटलाचा काय मेसेज हाय का?” कारण माझा फोन नुसता बटणांचा. आमच्या पोलीस पाटलाचे गावच्या ग्रुपवरचे मेसेज मी त्याच्याकडूनच ऐकायची. त्या सकाळी विचारलं तेव्हा तो फोनवर ऑफिसशी बोलत होता. त्यानं एक बोट वर केलं, म्हणजे थांबा. मी चुलीकडं गेले.

दुपारी मागच्या पडवीत जेवायला बसलो. मोबाईल ताटाशेजारी. मी भात वाढत होते आणि ती बाई बोलायला लागली. आधी चिनी मातीच्या बरण्यांच्या आजच्या प्रदर्शनाचं काहीतरी झालं. मग त्याच सुरात, बरण्यांइतक्याच शांतपणे, म्हणाली, “उतारावरची भेग वाढली आहे. डोंगराखालच्या घरांनी आज चारच्या आत शाळेत यावे. जनावरे सोडावीत.”

मी पळी खाली ठेवली. “काय म्हनली ती?”

त्याचा अंगठा सवयीनं ‘नंतर’ लिहिलेल्या बटणाकडं निघालाच होता. तो तिथंच थांबला. “मावशी, हे सकाळचं आहे. ऑफिसच्या फोनवर होतो. मी सेव्ह केलं.”

“किती वाजलं?”

त्यानं घड्याळ बघितलं आणि भरल्या ताटावरून उठला.

मी गोठ्याकडं पळाले, तो माझ्यामागं. तेव्हाचं सुरुवातीलाच सांगितलं आहे. गाठ सुटेना तेव्हा मी म्हणाले, “चुलीपाशी इळा हाय, घिऊन ये.” मला वाटलं आता म्हणेल, आणतो. पण तो तेवढ्यात निघालाही. फुगलेल्या भिंतीला खेटून, चिखलात एकदा आपटून, घरात गेला आणि विळा घेऊन आला. मी दावं कापलं. म्हैस तरी हलेना. खिशातली बाई परत पहिल्यापासून सांगायला लागली होती, चारच्या आत, जनावरे सोडावीत. मग त्यानं डोळे मिटले, “सॉरी हं,” असं म्हशीला म्हणाला आणि शेपूट अशी पिरगाळली की ती आम्हा दोघांना ओढत रस्त्यावर आली.

मागं आवाज झाला. मी वळून बघितलं तेव्हा गोठा नव्हता, पडवी नव्हती, वाढलेली ताटंही नव्हती. नुसती लाल माती होती आणि तिच्यातून पाणी वाहत होतं. पुढची खोली तेवढी तिरकी उभी होती.

शाळेच्या ओसरीवर तो चिखलानं माखलेलाच बसला होता. “मावशी, मी सकाळीच वाचलं असतं तर...”

“तर गोठ्यातला पेंढा निघाला असता. आनि भात खाऊन झाला असता. गप बस आता, च्या घे.”

त्यानं कप घेतला आणि गरम असतानाच प्यायला. तेव्हा मला त्याची पहिल्यांदा खरी काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशीची मीटिंग त्यानं त्याच ओसरीवरून केली, माझी गोधडी अंगावर घेऊन. काय बोलला ते मला कळलं नाही. सोय राहिली, पण ज्याला नको असेल त्यानं बंद करावी असं ठरलं. मग तो महाळुंग्याला अकराव्या मजल्यावर राहायला गेला. तिथं मागं डोंगर नाही म्हणतो. मला सरकारनं रस्त्याच्या कडेला पत्र्याची खोली दिली. तो फोन करतो, आणि दर वेळी म्हणतो, “येतो मावशी, नंतर.” अजून आलेला नाही. येईल तेव्हा चहा मिळेल. आधी करून ठेवणार नाही. त्याचे कागदाचे मोबाईल मातीखाली गेले, पण परवा जुन्या पिशवीत एक सापडला. मी त्याच्यावर बोट ठेवून बघितलं. पुढचा कागद द्यायला कोणी नव्हतं.

त्यानं मला अडकवलं का सोडवलं, हे मला अजून लोक विचारतात. मी सांगते, त्या दुपारी त्या घरात मी होते, तो होता आणि म्हैस होती. तिघंही जिवंत आहोत.